साडूची साडेचार किलोची खुर्ची

जगात जे काही जड आहे ते देवाने घाईत उरकलेलं आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. शेजारी असता तर मी त्याचं कौतुक केलं असतं. पण साडूचं तसं नसतं. सासुरवाडीत तुम्ही दोघे एकाच पंगतीला बसता, आणि कोणाच्या ताटात तूप आधी पडतं हे सगळं गाव बघत असतं. माझं लग्न आधी झालं, पगार माझा, वयाने मोठा मी. पण तूप नेहमी त्याच्या ताटात आधी पडे. हे माझं मत नव्हे, मी पाहिलेलं आहे.

मी भंडाऱ्याला बांधकामाच्या कचेरीत मोजमापाच्या कामावर होतो. तो एकोडीचा. धानाची शेती भावावर टाकून हा गोठ्याशेजारच्या छपरीत ‘कारखाना’ चालवी. कुठेही गेला की वस्तू उचलून पाहायची त्याला खोड होती. लग्नात नवरदेवाचा पाट उचलून बघे, देवळात पालखीखाली वाकून ‘यातलं अर्धं लाकूड उगाच आहे’ असं पुजाऱ्याला ऐकवे. पहिल्यांदा माझ्या घरी आला तेव्हा नमस्कारही न करता त्याने माझी सागवानी खुर्ची उचलली आणि विंचू दिसावा तशी खाली ठेवली. “साडभाऊ, एवढ्या लाकडात दोन खुर्च्या अन् एक पाळणा झाला असता,” तो म्हणाला. त्या खुर्चीचं वजन तेवीस किलो होतं, मी स्वतः राइस मिलच्या काट्यावर केलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. माझी बायको मात्र खुदकन हसली. ती माझ्या बोलण्यावर अशी हसलेली मला आठवत नाही.

त्याचं शास्त्र थोडक्यात असं होतं. फळी भरीव कशाला हवी? वर एक पातळ पापुद्रा, खाली एक पातळ पापुद्रा, आणि मधे हलका गाभा. अंबाडीचा वाख काढून घेतला की ज्या पांढऱ्या काड्या उरतात, त्यांचे तो बोटभर तुकडे करी आणि मोहोळाच्या घरांसारखे उभे खेटून मांडी. त्यांच्याभोवती तोच वाख रेझिनमध्ये, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवून गुंडाळी आणि दोन्ही बाजूंनी पातळ प्लायवूड चिकटवून वर दगड ठेवी. मी विचारलं, “काड्यांनी काय भार पेलणार?” तो म्हणाला, “भार त्या पेलतच नाही जी! वरचं पान दबते, खालचं पान ताणते. मधातल्यानं फक्त दोघायले जवळ येऊ द्याचं नाही. आपल्या बायका आपल्या दोघायले ठेवते, तसं.” हे तो दोघींसमोर बोलला, आणि दोघीही हसल्या.

सुरुवातीला त्याच्याकडे रेझिन नव्हतं, तेव्हा त्याने तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, गाभा करून तांदळाच्या खळीने चिकटवला आणि गोठ्याला दार केलं. दार सुरेख झालं. म्हशीने ते दोन दिवसांत खाल्लं. दुसरा कोणी लाजला असता. याने गावभर सांगितलं, “दार फसलं, पण म्हशीनं दूध वाढवलं!” पुढे नागपूरहून रेझिनचा डबा आला. त्यात घट्ट करायचं औषध थेंबाथेंबाने घालावं लागे. याने ते अंदाजाने ओतलं, आणि सासूबाईंच्या पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, सगळा माल तापून दगड झाला, वर ढवळायचा चमचा उभा. माझ्या हातून गंजाला पोचा आला असता तर दिवाळीपर्यंत ऐकावं लागलं असतं. त्याला सासूबाई म्हणाल्या, “जाऊ द्या जवाईबापू, फुलदाणी होईन.” आणि खरोखर त्या चमच्याला झेंडूची माळ घालून त्यांनी तो गंज ओसरीवर ठेवला. मी तिकडे बघायचं टाळत असे.

सासुरवाडी सिहोऱ्याजवळ. सासऱ्यांना मुलगा नाही, दोन मुली आणि आम्ही दोन जावई. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, दुकानं लागतात, आणि दिवसा दंडार, म्हणजे आमचं गाण्या-नाचाचं नाटक, होतं. सासरे तरुणपणी दंडारीत सोंग घेत. म्हातारपणी सगळ्यांत पुढे बसून चुकलेल्या गाणाऱ्याला मोठ्याने दुरुस्त करत. एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा त्यांना लकवा झाला, एक बाजू गेली. मंडई तलावाच्या पाळीपलीकडे, वाटेत उभे धान, मधून अरुंद धुरा, म्हणजे शेताचा बांध. बैलगाडी जायची सोय नाही. त्यांनी पलंगावरून एवढंच म्हटलं, “यंदाची मंडई पाहून घेतो. मंग काही मागत नाही.”

ही संधी माझी होती. मी हिशेब मांडला. सासरे सेहेचाळीस किलो, माझी सागवानी खुर्ची तेवीस, तिला दोन बांबू बांधायचे. पुढे मी, मागे साडू, आणि मधे आधाराला दोन गडी. खुर्ची मी भंडाऱ्याहून एसटीच्या टपावर टाकून आणली. एकदा तरी माझ्या वस्तूवर बसून सासरे हसावेत, एवढीच इच्छा होती. मंडईच्या सकाळी मी बांबू आवळले आणि वाकून म्हणालो, “मामाजी, चला.”

ते चालत्या हाताने पलंगाची पाटी धरून बसले. “जवायानं उचलाचं? नाही बाप्पा. मी तुमचे पाय धुतले हायेत. जवायाच्या हातावर बसून गेलो तं वरती तोंड दाखवता येणार नाही.”

मी समजावलं, सासूबाईंनी समजावलं. उपयोग नाही. आम्ही जावई वजा झालो, आणि दोन गड्यांना ती खुर्ची धुऱ्यावरून पेलणं शक्य नव्हतं. त्यांनी अंगणात उचलून पाहिली आणि तिथेच टेकवली. दंडारीचा ढोल वाजू लागला होता. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हा साडू ओसरीमागून एक बसकं काढून आला. पाठ, बैठक, आणि पुढे-मागे स्ट्रेचरसारख्या लांब दांड्या, सगळं त्याच्या त्या काड्यांच्या फळ्यांचं. ते त्याने एका हाताने, छत्री धरावी तसं धरलं होतं. “साडेचार किलो,” तो माझ्याकडे बघत मुद्दाम म्हणाला. “मामाजी, आम्ही हात लावत नाही. तुमच्या पोरी नेतील. पोरीच्या हातावर बसाले तं पाप नाही ना?”

सासऱ्यांनी चालत्या हाताने दांडी चाचपून पाहिली. मग म्हणाले, “पेलन का त्यायले?”

“बाबा, मी डोक्यावर पाण्याचे दोन गुंड अन् काखेत एक आणत होती, ते इसरले का?” माझी बायको पदर खोचत म्हणाली. मी तिच्याकडे पाहतच राहिलो. दांड्यांच्या टोकांना बाक दिलेला होता. कशाला, असं मी साडूला विचारलं, तर म्हणाला, “बांगड्या आड येते ना जी.” मी धुऱ्याची रुंदी मोजली होती, बांबूची जाडी मोजली होती. बांगड्या मला सुचल्या नव्हत्या.

पुढे धाकटी, मागे माझी बायको, मधे सासरे. धुऱ्यावर एकदा धाकटीचा पाय घसरला, मी धावलो, तर सासरे ओरडले, “दूर राहा जवाईबापू, आमचं चालू हाये!” पाळीवर पोचल्यावर दंडार थांबली. लोक उठून उभे राहिले, सासऱ्यांसकट बसकं उचलून उचलून पाहू लागले, आणि साडू छाती काढून सगळ्यांना वरचं पान, खालचं पान समजावत सुटला. सासऱ्यांनी पहिल्याच गाण्यात गाणाऱ्याची चूक काढली. ते हसले. माझ्या खुर्चीवर नाही, पण हसले. मी शेजारी उभा राहून त्यांच्या चपला सांभाळत होतो.

पुढच्या उन्हाळ्यात सासरे गेले. खांद्याला पुतणे आले. मुली पुढे झाल्या तेव्हा कुजबुज झाली. आमच्याकडे तेव्हा तशी पद्धत नव्हती. पण शेजारचा एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, “मंडईले बुढ्याले कोणं नेलं होतं? मंग आता काहून अडवता?” पुतणे मागे झाले. पुढचे दोन खांदे मुलींनी दिले.

आम्ही दोघे जावई मागून चाललो होतो. साडू मोठ्याने रडत होता, लहान मुलासारखा, नाक न पुसता, कोण बघतं याची पर्वा न करता. बायाबापड्या त्याला धरत होत्या, “नका रडू जवाईबापू” म्हणत होत्या. माझे डोळे कोरडे होते. मला आयुष्यात चारचौघांत रडता आलेलं नाही. मी खिशातून माझा घडी घातलेला रुमाल काढून त्याला दिला आणि त्याच्या बाजूने चालत राहिलो. तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटत होता.