आठवा गडी

कुडव्याचे केशोराव राइस मिलच्या हमालीतून निवृत्त झाले होते. औषधसंशोधनाच्या गणितांसाठी त्यांनी घरचा कॉम्प्युटर फुकट जुंपला होता. मोकळा गडी त्यांना खपत नसे, म्हणून प्रोसेसरचे आठही कोर त्यांनी कामाला लावले. आता तीच गणितं करणारं ग्राफिक्स कार्ड मात्र रेंगाळत होतं आणि त्याचं गणित पुरं होऊन पाचच्या आत पाठवलं गेलं नाही तर बाद होणार होतं.

“हे काऊन बसून राहिलं?” त्यांनी मुलीला विचारलं.

टीना हसली. “बाबा, मशीनमध्ये धान टाकणाऱ्याले तुम्ही पोते उचलाले पाठवत होते का?”

“पागल आहेस का? मशीन रिकामी फिरंल ना.”

“मग कार्डाले माल कोण देईल? आठही कोर तर तुम्ही पोते उचलाले लावले.”

केशोरावांनी एक कोर मोकळा केला. कार्ड धावलं. पाचला दहा कमी असताना गणित गेलं, आणि त्यांनी लगेच दुसरं मागवलं.