कस्टमभाऊंच्या नावाचं पार्सल

सहदेव गमरे कस्टममध्ये होते एवढंच वाडीला ठाऊक होतं. कस्टममध्ये काय होते, हे कोणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं की हवालदार होतो. साहेबाच्या मागून चालायचो, गोदामाच्या दाराशी उभा राहायचो, साहेब सांगेल ते खोकं फोडायचो. पण दापोली तालुक्यातल्या त्या आतल्या गावात, बौद्धवाडीतला पहिला सरकारी गणवेश त्यांच्याच अंगावर चढला होता, आणि गणवेशवाल्याला त्याची पायरी विचारायची कोणाची छाती नव्हती. लोकांनी त्यांना कस्टमभाऊ म्हणायला सुरुवात केली आणि भाऊंनी ते नाव मुकाट्याने घेतलं.

नोकरीची पहिली वर्षं केळशीच्या बाजूला खाडीवरच्या चौकीत गेली, पुढची सगळी मुंबईत. तिथे त्यांच्या वाट्याला जे काम आलं ते घरी येऊन सांगण्यासारखं नव्हतं. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांची नावं चिकटवलेला नकली माल पकडला जायचा. पर्स, पट्टे, घड्याळं, गॉगल. केस निकालात निघाली की तो नष्ट करायचा. साहेब आणि पंच खुर्च्या टाकून बसायचे आणि भाऊ पत्रा कापायची कात्री घेऊन पर्सचा आधी बंद कापायचे, मग तोंड, मग तळ. बंद आधी, कारण बंद शाबूत राहिला की ती पर्स कोणीतरी काखेला लावून नेतंच. घड्याळांवर हातोडा. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं की पुढे पुढे रस्त्यावर कोणाच्या खांद्याला भारीतली पर्स दिसली तरी यांची नजर आधी बंदावर जायची.

या नोकरीचा फायदा म्हणाल तर घराला काडीचा झाला नाही. भाऊंची बायको जाईबाई हे आल्यागेल्याला ऐकवायची. "बाकीच्यांची मानसं ममईहून येताना छत्री आनायची, पावडर आनायची. आमचा मानूस कस्टममदी, आनि येताना रिकामी पिशवी हलवत यायचा." भाऊ ऐकून घ्यायचे. आपण कधी एक रुमालसुद्धा उचलला नाही, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो अभिमान कोणाला दाखवता येत नाही याची बारीकशी खंतही होती.

तर अशा माणसाच्या नावे यंदा काजूच्या दिवसांत रजिस्टर पत्र आलं. नातवाचं, प्रज्ञेशचं, लग्न तोंडावर आलेलं. मुलगी पोफळीची, तेजल नावाची; तिचे वडील तिथल्या पॉवरहाऊसच्या कॉलनीत राहणारे, कारकून. बाबू पोस्टमन सही घेताना हसत म्हणाला, "भाऊ, तुमच्याच हापिसातनं आलाय. पेन्शन वाढली वाटतं."

भाऊंनी घरापुढच्या खळ्यात उभ्या उभ्या पत्र उघडलं. पहिली ओळ वाचली आणि पुढचं वाचायची गरजच राहिली नाही. असली पत्रं त्यांनी गठ्ठ्यांनी टपालात टाकली होती. आपल्या नावे परदेशातून आलेल्या पार्सलमध्ये नामांकित कंपन्यांच्या बनावट पर्स व घड्याळे आढळली आहेत, माल रोखून ठेवला आहे, आपले म्हणणे मांडावे. खाली नाव, सहदेव रामा गमरे. आधारचा नंबरही त्यांचाच.

त्या दुपारी भाऊ एका जागी बसले नाहीत. विहिरीपर्यंत जायचे, परत यायचे. काजूची बी वेचायला म्हणून टोपली उचलली आणि ती तशीच हातात धरून पुन्हा विहिरीवर गेले. जाईबाईने जेवायला हाक मारली तेव्हा भूक नाही म्हणाले. ही ब्याद कोणाची, कोणी आपल्या नावाला लावली, एवढंच डोक्यात फिरत होतं. आयुष्यभर ज्या मालाला कात्री लावली तोच माल आपल्या नावावर उतरला होता, आणि तोही त्याच ऑफिसात.

संध्याकाळी प्रज्ञेश एमआयडीसीतून मोटारसायकलवर आला. भाऊंनी पत्र पुढे केलं. पोराने वाचलं आणि म्हणाला, "च्यायला, अडकला का पार्सल?"

"तू मागवलास?"

"तेजलला पर्स, आबा. तिच्या आईला एक, बहिणींना. आणि वरातीत नाचणाऱ्या आपल्या पोरांना सारखी घड्याळं. फर्स्ट कॉपी असते, कोणाला कळत पण नाय. आता सगळीच मागवतात."

"आनि नाव माजा का टाकलास?"

प्रज्ञेशला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुमचा नाव बघून कोण अडवणार, आबा? कस्टमचा माणूस म्हटल्यावर डोळे मिटून सोडतील असा वाटला. आधार माझ्या मोबाईलमध्ये होताच, तुमचा हयातीचा दाखला मीच काढतो ना."

भाऊंनी नातवाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे चोरी पकडली गेल्याची भीती नव्हती, लाजही नव्हती. होता तो नुसता विश्वास. आईबाप डोंबिवलीला, पोर लहानपणापासून आजीआजोबांकडे वाढलेला. आजोबांच्या नावाने मुंबईत दारं उघडतात असंच धरून चाललेला. कान पिळावा असं भाऊंच्या मनात होतं, पण हात उठेना. विश्वास ठेवणाऱ्याचा कान कसा पिळायचा?

जाईबाई आतून म्हणाली, "मग जावा की ममईला. तुमचीच मानसं बसलीत तिथं. नातवाच्या लग्नाला तरी सोडवून आना कायतरी."

वाडीत बातमी पसरायला वेळ लागतो थोडाच. दिवेलागणीला मांडवाचं काम घेतलेला निलेश दारात हजर. "भाऊ, जाताय म्हने पार्सल सोडवायला. माज्या घड्याळाचा पट्टा काळा बगा हां." भाऊ नुसते हं म्हणाले.

आता त्यांची पंचाईत बघा. पार्सल आणलं तर ते स्वतःच्या नजरेतून उतरणार. नाही आणलं तर वाडीच्या नजरेतून उतरणार. म्हातारा इतकी वर्षं कस्टम कस्टम करत होता आणि तिथे याला कुत्रं विचारत नाही, असं बोललं जाणार. यांपैकी पार्सल आणायचा तर प्रश्नच नव्हता. पण त्यांना जायचं मात्र होतं. वाडीसाठी नाही, पार्सलसाठी तर नाहीच. आपलं नाव तिथे, त्या ऑफिसात, तसं पडून राहायला नको होतं. कोणीतरी डोळे मोठे करून म्हणावं, गमरे, तुम्ही? तुमच्या नावावर हे? मग आपण सांगू. मग तो माणूस म्हणेल, मला वाटलंच होतं. एवढं झालं की पुरे.

इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, पेन्शनचं ओळखपत्र वरच्या खिशात ठेवून ते दापोलीहून एसटीत बसले. वाटेत माणगावला गाडी थांबली तेव्हा सगळे उतरून वडे खात होते आणि भाऊ मनातल्या मनात साहेबापुढचं भाषण पाठ करत गाडीभोवती फेऱ्या मारत होते. डोंबिवलीला मुलाकडे रात्र काढली. मुलाने कशाला आलात विचारलं, तर ऑफिसात काम आहे म्हणाले. तसं म्हणताना बऱ्याच वर्षांनी बरं वाटलं.

ऑफिस ओळखू येईना. फाटकावरच्या पोराने कुठे जायचंय विचारलं. भाऊ म्हणाले, "मी इथलाच." पोर म्हणाला, "आधार दाखवा." आत काचेच्या खिडक्या, टोकन, बसायला लोखंडी बाकडी. ज्या गोदामाच्या दाराशी ते ऊन-पावसात उभे राहिले होते तिथे आता भिंत होती आणि भिंतीवर स्वच्छतेचं पोस्टर. चहावाल्याकडे दोन-तीन जुन्या शिपायांची नावं घेऊन पाहिली. त्याने एकही ऐकलेलं नव्हतं.

नंबर आला. खिडकीमागे एक तरुण अधिकारी बाई होती, नातवाच्या वयाची, कामाने थकलेली पण तोंडाची गोड. तिने पत्र पाहिलं, स्क्रीनवर काहीतरी पाहिलं आणि आतून पार्सल मागवलं. फोडलेलं खोकं टेबलावर आलं. वरतीच एक बदामी रंगाची पर्स.

"धंदा करता का काका? एवढ्या पर्स, एवढी घड्याळं. घरच्यासाठी म्हणता येत नाही."

हा धंदा शब्द भाऊंच्या काळजात घुसला. पाठ केलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं. "मी इथंच होतो," ते म्हणाले. "हवालदार. असला माल मी स्वतः कापलाय. कात्रीनं."

"हो का? अरे वा," बाई म्हणाली आणि कागद उलटला. "मालावर हक्क सांगायचा नसेल तर इथं सही करा."

"माझ्या नातवानं मागवलंय. मला न विचारता. माझं नाव टाकलं त्यानं."

"सगळ्यांच्या नातवांनीच मागवलेलं असतं, काका." तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. तिला खरोखरच तसं रोज ऐकावं लागत असणार. "काळजी करू नका. पहिलीच वेळ आहे, सही केलीत की विषय संपला."

विषय संपला. ती चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तरी भाऊंना चाललं असतं. पण नवल वाटण्यासाठी आधी माणूस माहीत असावा लागतो, आणि सहदेव गमरे काय चीज होती हे माहीत असलेलं एकही माणूस त्या इमारतीत उरलं नव्हतं. भाऊंनी सही केली. करता करता नजर सवयीने पर्सच्या बंदावर गेली. बंद चांगला होता, मजबूत शिवलेला. क्षणभर तो त्यांना तेजलच्या खांद्यावर दिसला. आणि मग एक विचित्रच विचार आला, जो इतक्या वर्षांत कधी आला नव्हता: आपण कापलेल्या प्रत्येक पर्सची कोणी ना कोणी तेजल घरी वाट बघत बसली असेल. 

"आता कुठं कापता?" त्यांनी विचारलं.

"आता कापत नाहीत. एजन्सी येते, भट्टीत जातं सगळं. पुढचा नंबर."

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले, मग मधल्या सीटवर, मग पुन्हा खिडकीशी. कंडक्टर म्हणाला, आजोबा, बरं नाही का? पार्सल गेलं याचं त्यांना काही नव्हतं. आपण तिथे कोणीच नव्हतो, बहुधा कधीच नव्हतो, हे त्यांना डाचत होतं. आणि आता ते घेऊन वाडीत उतरायचं होतं.

घरी खळ्यात माणसं जमलेली. लग्नाचं बोलायला तेजलचे वडील पोफळीहून आलेले, प्रज्ञेश त्यांच्याजवळ उभा, निलेश पायरीवर, शेजारच्या गोदूबाईचं अर्धं अंग कुंपणाबाहेर. सगळ्यांचे डोळे भाऊंच्या पिशवीवर. पिशवी रिकामी होती हे लांबूनच कळत होतं.

निलेशने आपल्या परीने समजूत काढली. "जाऊ दे, भाऊ. रिटायर झाल्यावर कोन ओळख ठेवता?"

प्रज्ञेशने होणाऱ्या सासऱ्यांकडे चोरून पाहिलं आणि मान खाली घातली. आजोबांचं नाव टाकल्याचं सांगताना त्याच्या चेहऱ्यावर नसलेली लाज आता आली होती, आणि ती स्वतःबद्दलची नव्हती, आजोबांबद्दलची होती. भाऊंनी ते पाहिलं. त्यांनी तांब्या उचलला, पाणी प्यायलं, तोंड पुसलं.

"ओळखलान की," ते म्हणाले.

निलेश पायरीवरून अर्धा उठला.

"ओळखलान म्हनून तर अडवलान. खोक्यावर माजा नाव बघितलान आनि मोठी मॅडम खुर्चीतनं उठली. म्हनली, सहदेव गमरे? हा मानूस असला काय मागवनार नाय. कोनीतरी नाव वापरलान. उघडा बघू खोका." भाऊंचा आवाज बोलता बोलता स्थिर होत गेला. "दुसऱ्या कोनाचा असता तर गेला असता गपचूप. माजा होता म्हनून अडकला."

प्रज्ञेशने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. "चुकलं, आबा," तो म्हणाला, आणि हे पहिल्यांदाच मनापासून म्हणाला. तेजलचे वडील पुढे सरकून बसले. "अहो, असं नाव कमवायला जन्म जातो," ते म्हणाले. "आमच्या पोरीला पर्स नको. हे घर पुरे आहे." निलेशसुद्धा आपला काळा पट्टा विसरला.

भाऊ मात्र उठून विहिरीकडे गेले. जन्मात एक रुमाल उचलला नव्हता, आणि आज भरल्या खळ्यात एवढी मोठी थाप मारून मोकळे झालो, या विचाराने ते विहिरीवरून आंब्यापर्यंत आणि आंब्यावरून विहिरीपर्यंत जात राहिले.

सकाळी जाईबाईने चहाचा कप पुढे ठेवला आणि त्यांच्यासमोर बसली. "खरा सांगा," ती हळूच म्हणाली. "कोनी ओळखला नाय ना?"

भाऊंनी मान हलवली. कोणी नाही.

जाईबाईने पदराने कपाखालची ओल पुसली. तेवढ्यात गोदूबाई कळशी घेऊन कुंपणाशी आली. तिने काल ऐकलं होतंच, पण पुन्हा ऐकायचं होतं. "जाई, ती मॅडम खरंच उठून उभी ऱ्हायली गो?"

जन्मभर रिकाम्या पिशवीचं रडगाणं गाणारी ती बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उभी ऱ्हायली म्हंजे? खुर्ची दिलान, चाय पाजलान. आमच्या मानसाला तिथं सगळी वळखतात."