ओझ्यानं गेलं नव्हतं

अंजनाबाईचा सगळा राग सायकलवर. सून लतिका नागपुरातल्या इंदोऱ्याहून सायकलनं शाळेत शिकवायला जायची, आणि दोनदा तिसऱ्याच महिन्यात तिचं पोट पडलं. मग काय विचारता! म्हातारीनं सायकलला कुलूप ठोकलं. ‘दैव देते अन् कर्म नेते’, हे सुनेला ऐकवल्याशिवाय तिचा चहा घशाखाली उतरत नसे. तिसऱ्या खेपेला लतिका शाळेत पायी जायची, तरी तेही गेलं. तर म्हणे, आधीच्या सायकलनंच अंग खिळखिळं झालं. तिच्यापुढे कोण बोलणार?

चौऱ्याऐंशी साली मुलगा वसंत बायकोला घेऊन धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी नवऱ्याचंही रक्त मागितलं. पुरुषाचं रक्त कशाले, म्हणून अंजनाबाईनं नाक मुरडलं. रक्त मुंबईला गेलं आणि दीड महिन्यानं रिपोर्ट आला.

वसंतनं तो आईजवळ बसून सांगितला. दोष त्याच्याच रक्तात निघाला होता. आईबापाकडून लेकराला गुणसूत्रं येतात. त्यातल्या दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची त्याच्यात अदलाबदल झाली होती. त्याला स्वतःला त्याचा काही त्रास नव्हता. लेकराच्या वाट्याला मात्र ते तुकडे कमीजास्त जात, आणि मग पोट टिकत नसे. पुढचं एखादं नीटही निघेल, असं बाई म्हणाल्या होत्या.

“सायकलनं नाही गेलं, आई. कामानंही नाही.”

अंजनाबाईनं हळूच विचारलं, “ओझ्यानंही नाही?”

तेव्हा कुठं ते बाहेर पडलं. वसंतच्या आधी तिचीही तीन गेली होती. ती जिनिंगच्या कारखान्यात कापसाची ओझी वाहायची. ओझ्यानंच गेली, असं सासू म्हणाली आणि हिनं ते खरं मानलं. घरी बसली असती तर खाल्लं काय असतं, हे मात्र कोणी विचारलं नाही.

वसंत म्हणाला, “तुह्याकडूनच मले आलं असंल हे. ओझ्यानं नाही, आई.”

अंजनाबाईनं सुनेकडे पाहिलं. “पस्तीस वर्षं मी सोताले खुनी समजून राहिली होती वं पोरी. अन् तुलेही तेच समजायले लावलं.”

लतिकाला राग यायला हवा होता, आलाही असेल. पण ती सरकून सासूला खेटून बसली. मग दोघी मिळून सहा जणांसाठी पोटभर रडल्या, आणि त्या दिवशी दोष कोणाचा, हा विषय कोणी काढला नाही.