पाळीवरची तोंडी परीक्षा

डॉ. वत्सला कापगते मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी रडत होते. बी.एस्सी. झाल्यावर रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायला मी बाबांसोबत आसगावहून आले होते आणि फलकावरच्या यादीत माझं नाव नव्हतं. शेजारच्या खोलीतून मॅडम बाहेर आल्या. त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग म्हणाल्या, "रसायनाची यादी संपली, दुनिया नाही संपली. आमच्याकडे पर्यावरण अन् शाश्वत विकास आहे. ते बी एम.एस्सी.च आहे."

बाबांना ते काही पटलं नाही. त्यांनी सरळच विचारलं, "ते शिकून नौकरी भेटते काय, मॅडम?"

"हमखास भेटते, असं मी सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पन दोन वर्सांनी तुमची पोरगी काय शिकली, ते गावच्या लोकांपुढं सांगंल. तुमाले समजलं नाही, तर माझ्याशी भांडाले या."

कोणतीही खात्री न देणाऱ्या बाईंवर बाबांनी विश्वास कसा ठेवला, हे मला आजही कळलेलं नाही. प्रवेश मात्र त्याच दिवशी झाला.

मॅडमच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी आनंदी लेख द्या, असं संपादकांनी बजावलं आहे. मी प्रयत्न करते आहे. पण मी स्वभावानेच काळजीखोर, त्यात हे वर्ष असं, की आनंदाचं वाक्य लिहायला घेतलं तरी पेन भलतीकडेच वळतं.

मॅडमनी बाबांना दिलेला शब्द नुसता बोलण्यापुरता नव्हता. आमच्या विभागात शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा खोलीत होत नाही. विद्यार्थ्याने ज्या गावच्या तलावाचा अभ्यास केला, त्याच तलावाच्या पाळीवर, गावच्या लोकांदेखत होते. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध. आमच्या जिल्ह्यात हे कोणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांना मात्र लागतं. तो धडा आमच्या वर्षी मिळाला.

परीक्षक लांबून, पार पश्चिम घाटाकडून येणार होते. कार्यालयाच्या पत्रात एवढंच होतं, की तोंडी परीक्षा पाळीवर घेतली जाईल. त्यांनी अर्थ लावला की विद्यार्थी आपापल्या पाळीने आत येतील. ते विभागात खुर्चीवर बसून राहिले आणि आम्ही सगळे सानगडी गावात, मी अभ्यासलेल्या तलावावर त्यांची वाट पाहत राहिलो. फोनला रेंज नव्हती. परीक्षक आलेच नाहीत तर निकाल अडकणार, असं मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते. मॅडम पाळीवर येरझारा घालत होत्या आणि आम्हाला मात्र "काही होत नाही, बसा" म्हणत होत्या.

शेवटी शिपायाच्या मोटारसायकलवर मागे बसून साहेब धुळीने भरलेले आले. "पाळी म्हणजे मला नंबर वाटला हो!" असं ते चिडून म्हणाले आणि सगळा गाव हसला. साहेब हसले नाहीत. त्याच रागात त्यांनी पहिला प्रश्न मला टाकला, "शाश्वत विकास म्हणजे काय?"

मी पुस्तकातली व्याख्या घडाघडा म्हटली. पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बाई, आमाले समजंल असं सांग ना." मी मॅडमकडे पाहिलं, तर त्या तलावाकडे पाहत होत्या. मग जे सुचलं ते बोलले, "आजी, तलावातली मासोळी खायाची, पाणी बांधीतल्या धानाले द्यायचं, गाळ शेतात टाकायचा. पन असं, का पुढच्या साली बी हे सारं भेटलं पाह्यजे. तुमच्या नातवाले बी."

"हे सांगाले दोन वर्स लागले काय व?" आजीने विचारलं.

तेव्हा मॅडम बोलल्या, "हो आजी. एक वर्स शिकाले लागलं, एक वर्स तुमच्या बोलीत सांगाले."

या वेळी साहेबही हसले. गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या बाबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. बाबा फार खूश झाले की असंच करतात.

मॅडमची माया शब्दांत सापडायची नाही. आमचं पाहणीचं काम लांबलं की त्या मुलींसोबत बसस्टँडवर उभ्या राहत आणि गाडी हलल्याशिवाय घरी जात नसत. घरी पोचल्यावर प्रत्येकीच्या घरी फोन, "पोरगी आली काय?" आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. आज मी त्याच विभागात शिकवते आणि तोच फोन करते. तो केल्याशिवाय घास उतरत नाही, हे आता कळतं.

आता सुरुवातीला म्हटलं त्या, या वर्षाबद्दल. मॅडम या वर्षी निवृत्त होत आहेत. आणि या वेळी पुरेसे प्रवेश झाले नाहीत तर पुढच्या वर्षापासून अभ्यासक्रमाला नवे विद्यार्थी घेता येणार नाहीत, असं वरून कळवलं आहे. हे लिहीत असताना जागा रिकाम्या आहेत. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या जिल्ह्यात तलावांचा अभ्यास करायला मुलं मिळू नयेत, या विचाराने जीव तुटतो.

परवा मी मॅडमना भीत भीत म्हटलं, "मॅडम, पाळीवरच्या परीक्षेला मुलं घाबरतात. यंदा येणाऱ्यांची खोलीत घेऊ असं जाहीर करू का?"

त्यांनी चष्मा पुसला. "तुले भीती कायची वाटून राहिली? कोर्स बंद व्हायची, का मी नसण्याची?"

"दोन्हीची," मी म्हटलं.

"मले बी," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. मग लगेच आवाज बदलून म्हणाल्या, "परीक्षा पाळीवरच. घाबरणाऱ्या पोरांच्या घरी आपण जाऊ. गाडीत पेट्रोल टाकून ठेव."

तेव्हापासून आम्ही दोघी गावोगाव फिरतो आहोत. मॅडम ओसरीवर बसतात, चहा घेतात आणि कुठल्याही बापाला नोकरीची हमी देत नाहीत. मला दरवेळी वाटतं, थोडी दिली असती तर काय बिघडलं असतं? पण त्या देत नाहीत आणि लोक त्यांचं ऐकून घेतात.

मॅडमना ठणठणीत प्रकृतीची अजून खूप वर्षं लाभोत. हे मागताना मी निःस्वार्थ नाही. मला त्यांच्याशिवाय हा विभाग चालवता येत नाही, निदान अजून तरी नाही.

एक विनंती. सत्काराचा दिवस आणि प्रवेशाचा शेवटचा दिवस एकच आला आहे. हा ग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा व्यासपीठावरची मधली खुर्ची रिकामी दिसली तर रागावू नका. आम्ही कोंढा गावात कोणाच्या तरी ओसरीवर असू. आणि तुमच्या घरात पदवी झालेलं लेकरू असेल, तर भाषणं संपायची वाट पाहू नका. त्याला आमच्या विभागात पाठवा. कार्यालय संध्याकाळपर्यंत उघडं आहे.