शेड आणि कडुलिंबाच्या मधोमध

पुंडलिकनगरला सिटी बससाठी नवं शेड झालं, बाकडी आली. पण निम्मे ड्रायव्हर अजून जुन्या सवयीनं गाडी पुढच्या कडुलिंबापाशीच उभी करतात. म्हणून माझ्याच बसनं जाणाऱ्या एक बाई रोज सकाळी दोन्हींच्या बरोबर मधोमध, उन्हात उभ्या राहतात. त्या दवाखान्यात आया म्हणून कामाला आहेत. चपलेचा पट्टा पुन्हा पुन्हा आवळतात. कुठल्या बाजूला पळावं लागेल, याचा नेम नसतो.

मी एकदा त्यांना मोबाइल दाखवला. "मावशी, चार मिनिटांत येतेय बस."

"व्हय, पण थांबणार कुठं, ते सांगतंय का? मी गेल्याबिगर रात्रपाळीवालीला घरी जाता येत नाय."

त्या दिवशी बस शेडपाशी थांबली. त्या धावत आल्या, एक पाय पायरीवर ठेवला आणि दुसरा खालीच. कडुलिंबाकडून एक काठीवाले आजोबा येत होते. कंडक्टर ओरडला, "मावशी, वर या." त्या घड्याळाकडं बघत पुटपुटल्या, "लई उशीर झाला." पण आजोबा जवळ येईपर्यंत त्यांनी खालचा पाय उचलला नाही.

आज मावशींची मधली जागा रिकामी होती. बस शेडपाशीच आली. मी एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा उचलेना.