बांगड्या काढून पाहिलं

डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या, मुक्ताच्या डोळ्यांवर बॅटरी मारली, विझवली, पुन्हा मारली. ती दीड महिन्याची होती आणि नल्लकुंट्यातल्या आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे आम्ही फक्त लसीसाठी गेलो होतो. "दोनो आँखां में मोतीबिंदू है, अम्मा," ते म्हणाले. काँजेनिटल कॅटरॅक्ट, म्हणजे जन्मतःच आलेला मोतीबिंदू. मोतीबिंदू म्हाताऱ्या माणसांना होतो एवढंच मला तोवर ठाऊक होतं.

मी हादरले, पण मला नवल वाटलं नाही. बँकेत माझं काम सह्या पडताळण्याचं, त्यामुळे शंका घेणं हा माझा पोटापाण्याचाच धंदा आहे. मी पाळण्याजवळ गेले की मुक्ता हसायची. घरातले म्हणायचे, बघ, आईला ओळखते. एकदा मी बांगड्या काढून, पाय न वाजवता तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती छताकडे बघत राहिली. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

पहिला संशय सासूबाईंच्या काजळावर गेला. त्या तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून घरी काजळ करतात आणि मुक्ताच्या डोळ्यांत बोट भरून घालायच्या. दुसरा संशय डॉक्टरांवर. त्यांनी ज्या नेत्ररुग्णालयात जायला सांगितलं, तिथे त्यांचं काही साटंलोटं असेल असं वाटून मी आधी तिसरीकडेच दाखवून आले. तिथेही तेच सांगितलं, फक्त जास्त इंग्रजीत.

शेवटी नेत्ररुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरबाई कमी बोलणाऱ्या होत्या. काजळ बंद करा, पण हे काजळाने झालेलं नाही, असं त्यांनी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मग बाईंनी मला विचारलं, दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत अंगावर पुरळ आलं होतं का?

आलं होतं. बारीक, लालसर, तीन दिवसांत गेलं. बोटांचे सांधे दुखले. घरात सगळ्यांनी पित्त म्हटलं आणि मला आमसुलाचं पाणी पाजलं. बाई म्हणाल्या, तो रुबेला असावा. म्हणजे जर्मन गोवर. मोठ्यांना तो किरकोळ जातो, पण गरोदरपणात आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचला तर डोळे, कान, हृदय यांना धरतो. मुक्ताच्या रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. नमुना दुसऱ्या कुणाचा तर नाही ना, म्हणून मी पुन्हा रक्त घ्यायला लावलं. निकाल बदलला नाही. कान ठीक होते. हृदयातली जन्मानंतर मिटणारी एक नळी अजून किंचित उघडी होती, तिच्यावर लक्ष ठेवायचं ठरलं.

रुग्णालयाच्या बाकावर बसल्या बसल्या मला माझी चोरओटी आठवली. आमच्यात तिसरा महिना लागला की, बाहेर फारसं न सांगता, गरोदर बाईची पहिली ओटी भरतात आणि तिच्या मांडीवर एखादं धडधाकट मूल बसवतात. माझ्या मांडीवर नणंदेचा, मंजिरीचा ओम बसवला होता. त्याच्या मानेवर पुरळ होतं. तारनाक्याहून रिक्षाने आलो, घामोळं आलंय, असं म्हणून मंजिरीने वर पावडर थापली होती. माझं पुरळ त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी उठलं.

तेव्हापासून माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. तिला माहीत होतं का?

शस्त्रक्रिया लांबवता येणार नव्हती. मेंदूला वेळेत चित्र मिळालं नाही तर तो डोळ्यांचा नाद सोडतो आणि मग डोळ्यातलं गढूळ भिंग काढूनही नीट दिसत नाही. याला अँब्लिओपिया म्हणतात. आधी उजवा डोळा झाला, पुढच्या आठवड्यात डावा. इवल्याशा जिवाला भूल देणार म्हणून मी भूलतज्ज्ञांना इतके प्रश्न विचारले, की ते शेवटी म्हणाले, "मॅडम, थोडा हमारे पे भी भरोसा करो." मला ते जमलं नाही. बाहेर बसून मी फक्त रडले.

नंतर थेंब, पट्ट्या, आणि इलॅस्टिकने डोक्याला बांधायचा जाड भिंगांचा चष्मा. मुक्ता तो ओढून काढायची, मी पुन्हा घालायचे. तिला दिसतंय असं सगळे म्हणत. मी कुणावर विश्वास ठेवत नव्हते, कारण सगळे तिच्याजवळ गेले की बोलायचे.

मुक्ता सात महिन्यांची असताना मंजिरीला पुन्हा दिवस गेले. सासूबाईंनी लगेच ठरवलं, चोरओटी आपल्याकडे, मांडीवर मुक्ताला बसवू. मी नाही म्हटलं. बाईंनी बजावलं होतं, की अशा बाळाच्या लाळेत, लघवीत हा विषाणू वर्षभरही राहू शकतो, गरोदर बायकांना लांब ठेवा. घरात कुणाला ते पटलं नाही. ओमच्या पुरळाचं मी घरात बोलून दाखवलं होतं, त्यामुळे मी उट्टं काढते आहे, असंच सगळ्यांना वाटलं. मंजिरीचा फोन आला.

"वहिनी, मी जाणूनबुजून केलं असं वाटतं का तुला?"

"वाटतं कधी कधी. पण म्हणून नकार देत नाहीये. आधी रक्त तपासून घे. तुझ्या बाळाला धोका आहे."

ती म्हणाली, "त्या दिवशी ओमला ताप होता. त्याची रुबेलाची लसही सर्दीमुळे राहिली होती. पण ओटीसाठी घरात दुसरं मूल नव्हतं, आई हिरमुसली असती. म्हणून मी बोलले नाही."

मला तिचा भयंकर राग आला. आणि ती खरं बोलली म्हणून मोकळंही वाटलं. दोन्ही एकदम झालं, ते कसं ते मला सांगता येणार नाही.

मंजिरीने रक्त तपासून घेतलं. तिच्या अंगात रुबेलाची प्रतिकारशक्ती आधीपासून होती. बाईंना मी तीनदा विचारलं, तेव्हा कुठे मी ओटीला होकार दिला. तुम्हालाही सांगते, मूल होऊ द्यायचं ठरवण्याआधी ही तपासणी करा, लस आधीच घ्या, दिवस गेल्यावर ती देत नाहीत. आणि ताप असलेलं मूल कुणाच्या मांडीवर देऊ नका, शकुन चुकला तरी चालेल.

ओटीच्या दिवशी आणखी कुणी गरोदर बाई येत नाही ना, हे मी दारात उभी राहून पाहिलं. मग मुक्ताला मंजिरीच्या मांडीवर ठेवलं. सासूबाईंनी ओटीत तांदूळ घातले, नारळ ठेवला, त्यावर सुलतान बाजारातून आणलेला लालभडक खण ठेवला.

मुक्ताने चष्म्यातून खाली पाहिलं, हात पुढे केला आणि खणाचं टोक घट्ट पकडलं.

सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मी मात्र सवयीने शोधत होते, की कशाचा आवाज झाला असेल. कशाचाच झाला नव्हता. खण वाजत नाही.