दोन जावांचा कोयता

आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं ऊस तोडायचं हत्यार नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीलाही कोयताच म्हणतात, आणि मुकादम टोळी जमवतो ती अशा कोयत्यांची. नेकनूरच्या पलीकडचं आमचं गाव दिवाळीनंतर निम्मं रिकामं व्हायचं. मी सांगतेय त्या वर्षी तर पावसानं पाठच फिरवली होती. बाजरी वीतभर वाढून वाळली. विहिरीत उतरून वाटीवाटीनं घागर भरावी लागे. जायचं की नाही, हा प्रश्नच नव्हता.

अडचण निराळीच होती. आदल्या हंगामात अण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रकात उसाची मोळी चढवताना फळी सटकून खाली पडले. मांडीचं हाड मोडलं. पुढे ते जुळलं, पण पाय आखूड झाला आणि वाकून ऊस तोडणं त्यांना जमेना. काका पुण्याला बांधकामावर होते. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये चारचौघांत राहायचे, त्यामुळे काकू आमच्यातच होती. म्हणजे घरात अर्धा कोयता मायचा आणि अर्धा काकूचा.

मुकादम गावातलाच. तो अंगणात आला तेव्हा मायनं सांगून टाकलं, "यंदा आमी दोघी जावा येतो."

तो हसला. "वैनी, कोयता म्हंजी नवरा-बायकू. दोन बायांचा कोयता कुटं असतो का? मोळ्या कोन चढवनार ट्रकात?"

"आमीच चढवू."

"लई जड काम हाय ते."

"घरी बसनं त्याच्यापरीस जड हाय," माय म्हणाली.

मुकादमानं अण्णांकडे बघितलं. अण्णा जमिनीकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "मी बी येतो संगं. सैपाक करीन."

मी तेव्हा दहा वर्षांची होते. मांजरसुंब्याला आमचा ट्रक चहासाठी थांबला तेव्हा टोळीतली माणसं अण्णांना चिडवत होती, "काय बे, चूल फुकाया चालला का?" अण्णा हसत होते. पण कपातला चहा त्यांनी तसाच ठेवला, हे मला आठवतं.

सहकारी साखर कारखान्याचा तो मुलूख आमच्यासाठी परदेशच होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिरवा ऊस आणि पाटात वाहतं पाणी. काकूनं ट्रकातून उतरल्या उतरल्या पाटात पाय सोडले आणि लहान मुलीसारखी बसून राहिली. मायनंही तिला लगेच उठवलं नाही.

काकू मायशी 'आक्का, आक्का' करत बोलायची, पण थोरल्या दिरासमोर कधी बोललेली नव्हती. अण्णा दिसले की पदर पुढे ओढायची, आणि काही सांगायचं झालं तर मला मध्ये घालायची. पण उसाच्या पाचटाच्या त्या एवढ्याशा कोपीत, म्हणजे झोपडीत, चौघांनी राहायचं तर किती दिवस तोंड लपवणार? अण्णांच्या पहिल्या भाकरी एका बाजूनं जाड आणि मध्ये कच्च्या झाल्या. माय तशाच खात होती. काकूनं दोन घास खाल्ले, पदर सावरला आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "दादा, पीठ गरम पान्यात मळा. आन मीठ ऱ्हायलंय."

अण्णा दचकले. मग मायला हसू फुटलं, अण्णांनाही, आणि शेवटी काकूलाही. त्या दिवसापासून ती दोघं बोलायला लागली. महिन्याभरात अण्णांच्या भाकरी चांगल्या टम्म फुगू लागल्या. माझी वेणीही तेच घालायचे, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे.

खरी परीक्षा सुरुवातीलाच, पहिल्या ट्रकाला झाली होती. ऊस तोडण्यात दोघी कुणालाच हटल्या नव्हत्या. पण भरत आलेल्या ट्रकाला उंच फळी लावलेली, आणि डोक्यावर मोळी घेऊन त्या हलत्या फळीवरून चढायचं. माय चढली. काकू अर्ध्यावर गेली आणि थांबली. फळी खालीवर हलत होती. मुकादम पुढे झाला, "उतर, पोरी. गडी लावतो."

तेवढ्यात कोपीकडून अण्णा लंगडत येताना दिसले. हाताला पीठ तसंच होतं. कुणाला काही न विचारता ते फळीच्या पायथ्याशी आले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी, छातीनं फळी दाबून धरली.

"आता हलायची न्हाई," ते म्हणाले. "चढ."

काकू चढली.

त्यानंतर आमचा ट्रक लागला की अण्णा चूल सोडून फळीपाशी येऊन बसायचे. पुढे पुढे दुसऱ्या कोयत्यांच्या बायकाही त्यांना हाक मारू लागल्या. चिडवणं कधी थांबलं ते आम्हाला कळलंही नाही.

उन्हाळा लागता लागता हंगाम संपला आणि आम्ही परतलो. गावात टँकर सुरू झाला होता. आठवड्याभरात काका आले. त्यांना खोली मिळाली होती, ते काकूला न्यायला आले होते. जिची वर्षभर वाट पाहिली ती गोष्ट घडत होती, आणि काकू मात्र भांडी बांधता बांधता रडत होती. नेकनूरच्या स्टँडवर मायनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. उसाच्या पात्यांनी चिरलेले, काळे पडलेले हात. एसटीत चढताना काकूनं अण्णांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "दादा, आक्काला जपा."

पुढे शाळेत भूगोलाच्या पुस्तकात 'हंगामी स्थलांतर' आणि 'कायमचे स्थलांतर' असे दोन प्रकार आले. बाईंनी उदाहरणं विचारली तेव्हा मला दोन्हीकडे काकूच दिसली. मी हात वर केला नाही. एवढं सगळं एका वाक्यात कसं सांगायचं?

काकू गेली त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तिचं पत्र आलं, शेजारणीकडून लिहून घेतलेलं. मी मायला वाचून दाखवलं. "खोली लहान आहे, पण घरात नळ आहे. दोन वेळा पाणी येतं. मी सगळी भांडी भरून ठेवते, वाट्यासुद्धा. शेजारीण हसते मला."

मायनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग डोळे पुसून म्हणाली, "लिही. म्हनावं, हसू दे तिला. तू भरून ठिवत जा."